टीएलएस लावल्यावर सर्व्हरचे ग्राफ पुन्हा पुन्हा कोरे पडतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. लिनक्स सर्व्हरवर त्याची मापं देणारा नोड एक्स्पोर्टर, दुसऱ्या मशीनवर ती मापं ठरावीक वेळाने गोळा करणारा प्रोमिथियस, वर त्यांचे ग्राफ काढणारा ग्राफाना. सुरुवातीला सगळं साध्या एचटीटीपीवर चालतं. मग सुरक्षा तपासणीत शेरा येतो की ९१०० पोर्टवर कोणीही विचारलं तर सर्व्हर स्वतःचं नाव, कर्नलची आवृत्ती, माउंट केलेल्या डिस्क असं सगळं सांगून टाकतो. शेरा रास्त असतो. म्हणून टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी आणि सर्टिफिकेटवरून समोरच्याची ओळख पटवणारी व्यवस्था) लागतं, पासवर्ड लागतो, कुठे दोन्ही बाजूंना सर्टिफिकेट लागतं. महिना-दोन महिने बरे जातात आणि एका सकाळी ग्राफ कोरा. हा एकच बिघाड मी इतक्या सर्व्हरवर निस्तरला आहे की आता हात आपोआप ठरलेल्या क्रमाने चालतात. तो क्रम इथे लिहितो आहे.

लक्षणं

- प्रोमिथियसच्या टार्गेट पानावर (तो ज्यांची मापं घेतो त्यांच्या यादीत) सर्व्हर लाल दिसतो, ‘अप’ मेट्रिक (माप मिळालं तर १, नाही तर ०) शून्यावर येतं; सर्व्हर स्वतः मात्र व्यवस्थित चालू असतो.
- पॅचिंगनंतरच्या रीबूटपासून ग्राफ बंद पडतो, म्हणून सगळे पॅचला दोष देतात.
- ग्राफ येतो, पण दातेरी: थोडा वेळ रेघ, थोडा वेळ रिकामी जागा.
- सीपीयू आणि मेमरी दिसते, पण एखादी डिस्क यादीतूनच गायब असते किंवा तिचा आकार भलताच दिसतो.
- ब्राउझरमध्ये तेच पान बिनतक्रार उघडतं, प्रोमिथियसला मात्र सर्टिफिकेट पटत नाही.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात जास्त चकवतं, त्यामुळे त्याबद्दल आधी. प्रोमिथियस दर वेळी नवं कनेक्शन उघडत नाही. एकदा जोडलेलं कनेक्शन तो उघडंच ठेवतो आणि पुढची मापं त्यावरूनच घेतो. सर्टिफिकेट तपासलं जातं ते कनेक्शन जुळताना. त्यामुळे सर्टिफिकेटची मुदत मंगळवारी संपली, तरी जुनं कनेक्शन टिकून असेल तर ग्राफ शुक्रवारपर्यंत सुरळीत येऊ शकतो. शुक्रवारी रात्री रीबूट होतो, कनेक्शन तुटतं, नवं जुळत नाही. फायरवॉलचं आणि फाइलच्या परवानग्यांचंही असंच आहे. ग्राफ ज्या रात्री तुटतो त्या रात्री चूक झालेली नसते, ती त्याआधी कधीतरी होऊन गेलेली असते. म्हणून ‘काल काय बदललं?’ एवढंच विचारून थांबू नका, ‘गेल्या रीबूटपासून काय काय बदललं?’ असं विचारा.

दुसरी गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. ग्राफ परत आणण्यासाठी ‘इनसिक्युअर स्किप व्हेरिफाय’ हा पर्याय ‘ट्रू’ करायचा मोह होतो. केला की ग्राफ लगेच येतात, आणि तो पर्याय पुढे वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो लावल्यावर समोर कोण आहे हे प्रोमिथियस पाहतच नाही. सेटिंगमध्ये पासवर्ड ठेवला असेल तर तो समोर जो कोणी असेल त्याच्या हाती जातो. ज्या कामासाठी टीएलएस लावलं तेच काम बंद पडतं. खाली एकाही पायरीत याची गरज लागत नाही.

१. एररचा संदेश शब्दशः वाचा

खर्च काही नाही, दोन मिनिटांचं काम. टार्गेट पानावर लाल ओळीशेजारी जो मजकूर असतो त्यातच निम्मं निदान असतं, पण लोक लाल रंग पाहूनच सर्व्हरवर धाव घेतात.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. दुसऱ्या पायरीवर जा. ‘कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड’ म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. ही वेळ मूळ सेटिंगमध्ये १० सेकंद असते. यामागे वाटेत पाकिटं गिळणारी फायरवॉल असते, नाहीतर अडकलेली डिस्क. ‘नो रूट टू होस्ट’ वाचून नेटवर्कवाल्यांना फोन करू नका. सर्व्हरवर फायरवॉलडी (लिनक्सवरची फायरवॉल सेवा) असेल तर नको असलेलं कनेक्शन नाकारताना तो जे उत्तर पाठवतो, त्याचं समोरच्या बाजूला हेच भाषांतर होतं. राउटिंग ठीक असतं, पोर्ट उघडलेला नसतो.

‘क्लायंट सेंट अ‍ॅन एचटीटीपी रिक्वेस्ट टू अ‍ॅन एचटीटीपीएस सर्व्हर’ हा मजकूर कर्लने (पत्ता मागवून बघणाऱ्या आज्ञेने) विचारल्यावर दिसतो, टार्गेट पानावर नुसता ४०० आकडा येतो. असं झालं तर एक्स्पोर्टरवर टीएलएस लागलं, पण प्रोमिथियसच्या जॉबमध्ये (टार्गेटची सेटिंग लिहिलेल्या भागात) स्कीम एचटीटीपीवरून एचटीटीपीएस करायची राहिली. याच्या उलट, म्हणजे एचटीटीपीएसने विचारलं आणि सर्व्हरने एचटीटीपीत उत्तर दिलं असा संदेश आला तर एक्स्पोर्टर टीएलएसशिवाय सुरू झाला आहे, म्हणजे सर्व्हिस फाइलमधून टीएलएसची सेटिंग देणारा वेब कॉन्फिगचा पर्याय गळला. हा उलटा प्रकार गंभीर धरा, कारण तेवढा वेळ तुमची मापं उघड्यावर आहेत. आकडा ४०१ असेल तर टीएलएस जुळलं आहे, फक्त पासवर्ड चुकतो आहे. अशा वेळी सर्टिफिकेटच्या मागे लागू नका.

सेटिंग दुरुस्त करूनही तोच जुना संदेश येत राहिला, तर नवी सेटिंग प्रोमिथियसने वाचलीच नसेल. यामलमध्ये (सेटिंगची फाइल ज्या स्वरूपात लिहितात त्यात) एक मोकळी जागा इकडेतिकडे झाली की तो नवी फाइल नाकारतो आणि मुकाट जुन्याच सेटिंगवर चालत राहतो. रीलोड करण्याआधी प्रोमिथियससोबत येणाऱ्या प्रॉमटूलने फाइल तपासायची सवय लावा.

२. सेवा चालू आहे का, आणि कुठे ऐकते आहे

सर्व्हरवर सिस्टमसीटीएलने स्थिती बघा, मग ‘एसएस’ने ऐकणारे पोर्ट बघा. सेवा चालू आहे आणि ९१०० पोर्टही दिसतो, एवढ्यावर समाधान मानू नका. पोर्टच्या डावीकडे कोणता पत्ता आहे तो वाचा. तिथे १२७.०.०.१ असेल तर एक्स्पोर्टर फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देतो. सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी हे केलेलं असतं. मधे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती आत पोचवणारा मधला प्रोग्रॅम) असेल तर ते बरोबरही असतं. नसेल तर प्रोमिथियसला ‘रिफ्यूज्ड’ मिळणारच.

सेवा सुरूच होत नसेल आणि स्थितीत २०३ हा आकडा दिसत असेल, तर सिस्टमडीला (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) ती बायनरी, म्हणजे एक्स्पोर्टरची प्रोग्रॅम फाइल, चालवताच आली नाही. फाइल जागेवर आहे, चालवायची परवानगीही आहे, तरी २०३ येत असेल तर थेट आठवी पायरी वाचा.

३. घड्याळ

याला अर्धं मिनिट लागतं, आणि हेच लोक सगळ्यात शेवटी बघतात. सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ अशा दोन्ही तारखा असतात. नुकतंच बनवलेलं सर्टिफिकेट दहा मिनिटं मागे असलेल्या मशीनवर ‘अजून लागू नाही’ ठरतं. संदेश मात्र ‘मुदत संपली किंवा अजून सुरू झाली नाही’ असा दोन्हींना मिळून एकच येतो. त्याच ओळीत पुढे तपासणाऱ्या मशीनची ‘करंट टाइम’ छापलेली असते. ती वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवून बघा.

प्रोमिथियस आणि सर्व्हर दोन्हीकडे वेळ जुळवणाऱ्या क्रॉनी सेवेची ‘क्रॉनीसी ट्रॅकिंग’ ही आज्ञा चालवा. व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉटवरून परत आणलं असेल तर आधी इथेच बघा. घड्याळ मागेपुढे असेल तर ग्राफवरचे बाकीचे निष्कर्षही तपासून घ्यावे लागतात. आणि चालू डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर वेळ एका झटक्यात बदलू नका. क्रॉनीला ती हळूहळू सरकवू द्या. फरक मोठा असेल तर डेटाबेस सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

४. फायरवॉल

प्रोमिथियसच्या मशीनवरून कर्लने एक्स्पोर्टरचा पत्ता मागवा. कर्लचा बाहेर पडतानाचा आकडा कामाचा असतो: ७ म्हणजे जोडणीच झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही. ६० आला तर फायरवॉल निर्दोष आहे, पुढे चला.

७ किंवा २८ आला तर फायरवॉलडीचे नियम दोनदा विचारा: एकदा आत्ता लागू असलेले, एकदा कायमचे. ‘पर्मनंट’ न लिहिता टाकलेला नियम ताबडतोब लागू होतो आणि रीबूटला पुसला जातो. ‘पर्मनंट’ लिहून टाकलेला नियम रीलोड केल्याशिवाय लागूच होत नाही. रात्री घाईत पोर्ट उघडणारा माणूस पहिला प्रकार करतो, ग्राफ येताना बघतो आणि झोपायला जातो. तीन आठवड्यांनी रीबूट होतो. हा एकच प्रकार मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे.

नियम टाकताना पोर्ट सगळ्यांना उघडू नका. फक्त प्रोमिथियसच्या पत्त्याला परवानगी द्या. मधल्या नेटवर्कवरची फायरवॉल तुमच्या अखत्यारीत नसेल तर तिथे तुमचं काम संपलं. कर्लचं उत्तर, वेळ आणि दोन्ही पत्ते लिहून नेटवर्क विभागाकडे द्या.

५. सर्टिफिकेटची तारीख, नाव आणि साखळी

ओपनएसएसएलने थेट पोर्टला जोडून बघा, म्हणजे डिस्कवर काय ठेवलं आहे ते नाही, तर सर्व्हर प्रत्यक्षात काय दाखवतो आहे ते कळेल.

तारीख तर बघायचीच. हा प्रश्न पुढे वाढणार आहे. लेट्स एन्क्रिप्ट या सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची) सर्टिफिकेटं सहसा ९० दिवसांची असतात, आणि ब्राउझरवाल्यांनी व सीएंनी मिळून ठरवल्याप्रमाणे सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस आहे. हाताने नूतनीकरण करायचे दिवस गेले.

नावात दोन खड्डे आहेत. गो भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम, म्हणजे प्रोमिथियसही, सर्टिफिकेटमधलं ‘कॉमन नेम’ जुमानत नाहीत. २०२० मधल्या गो १.१५ पासून नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच असावं लागतं. जुन्या अंतर्गत सीएचा साचा वापरला की इथे पाय अडकतो. दुसरा खड्डा, टार्गेट आयपी पत्त्याने लिहिलेलं असतं आणि सर्टिफिकेटमध्ये फक्त नाव असतं. जॉबमध्ये ‘सर्व्हर नेम’ लिहा किंवा टार्गेटच नावाने द्या.

साखळी म्हणजे सीएचं मूळ सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट यांना जोडणारं मधलं सर्टिफिकेट. ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि प्रोमिथियस ‘अननोन अथॉरिटी’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं. ब्राउझर मधलं सर्टिफिकेट स्वतः मिळवतो किंवा आधी पाहिलेलं लक्षात ठेवतो. प्रोमिथियस तसं करत नाही. सर्टिफिकेट फाइलमध्ये आधी सर्व्हरचं आणि त्याखाली मधलं, या क्रमाने दोन्ही असली पाहिजेत. सीए अंतर्गत असेल तर तिचं मूळ सर्टिफिकेट जॉबमधल्या सीए फाइलमध्ये द्या.

६. की फाइलची परवानगी

इथे जरा थांबून वाचा, कारण बिघाड परत परत येतो तो बहुधा इथूनच.

एका सर्व्हरवर दर नूतनीकरणानंतर काही दिवसांनी ग्राफ जायचा. दर वेळी कोणीतरी परवानगी बदलायचं, ग्राफ यायचा, तिकीट बंद. मी गेलो तेव्हा की फाइलची (सर्टिफिकेटसोबतच्या खासगी कीची) ओळ अशी होती: मालक रूट, गट रूट, परवानगी ६०० (म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल), तारीख चार दिवसांपूर्वीची, वेळ रात्री दोनची. सर्टिफिकेटच्या फाइलवरही तीच वेळ. नूतनीकरणाची स्क्रिप्ट रूटच्या नावाने चालत होती आणि दर वेळी नवी की स्वतःच्याच नावावर टाकत होती. एक्स्पोर्टर मात्र, योग्यच आहे ते, वेगळ्या कमी अधिकाराच्या वापरकर्त्याने चालत होता. चार दिवस जुन्या कनेक्शनवर निभावलं. मग प्रोमिथियस रीस्टार्ट झाला, आणि एक्स्पोर्टरला की वाचता येईना. नोड एक्स्पोर्टर टीएलएसच्या फाइली नव्या कनेक्शनच्या वेळी पुन्हा वाचतो. त्यामुळे नवं सर्टिफिकेट आपोआप उचललं जातं ही सोय आहे, पण की वाचता आली नाही तर हँडशेकच मोडतो.

तपासायची रीत: एक्स्पोर्टरच्या वापरकर्त्याच्या नावाने ती फाइल वाचून बघा. आउटपुट डेव्ह नलमध्ये सोडा, खासगी की पडद्यावर आणू नका. टर्मिनलच्या नोंदी राहतात. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘नेमआय’ने पूर्ण वाट बघा. कधी फाइल बरोबर असते आणि वरचा फोल्डर ७०० असतो.

उपाय नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये करायचा: की स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवायची, मालक रूट, गट एक्स्पोर्टरचा, परवानगी ६४० (गटाला फक्त वाचता येईल). हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या नूतनीकरणापर्यंतच टिकते. आणि ६४४ कधीही करू नका. कोणी आधीच केलेली दिसली, तर त्या सर्व्हरवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला ती की वाचता येत होती असं धरा आणि की बदलून घ्या.

७. दोन्ही बाजूंची सर्टिफिकेटं, आणि अडकलेल्या डिस्क

एक्स्पोर्टरने प्रोमिथियसकडेही सर्टिफिकेट मागायचं ठरवलं असेल तर वरचं सगळं उलट्या दिशेने परत तपासा. यात एक वेगळी अडचण येते. सर्टिफिकेटमध्ये ते कशासाठी वापरायचं हेही लिहिलेलं असतं. फक्त सर्व्हरसाठी दिलेलं सर्टिफिकेट क्लायंट म्हणून दाखवलं की ‘इनकम्पॅटिबल की युसेज’ येतं. सार्वजनिक सीए आता क्लायंटचा उपयोग सर्टिफिकेटांतून काढून टाकत आहेत. लेट्स एन्क्रिप्टने त्यासाठी फेब्रुवारी २०२६ ही मुदत जाहीर केली होती. आतल्या मॉनिटरिंगला अंतर्गत सीए वापरा.

टीएलएस जुळतं, तरी ग्राफ दातेरी येतो, अशा वेळी सर्व्हरवर ‘डीएफ’ (डिस्क किती भरल्या ते दाखवणारी आज्ञा) चालवा. तो तिथेच गोठला तर एखादा एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) अडकला आहे आणि दोष मॉनिटरिंगचा नाहीच. ‘डीएफ’ चटकन आला तर एक्स्पोर्टरच्या स्वतःच्या मापांत प्रत्येक कलेक्टरला (एकेका प्रकारचं माप घेणाऱ्या भागाला) किती वेळ लागला ते दिलेलं असतं. सर्वांत संथ कोण ते तिथे दिसेल. टाइमआउट वाढवून हे झाकू नका.

डिस्क गायब असेल किंवा आकार चुकीचा दिसत असेल तर सिस्टमडीची सर्व्हिस फाइल उघडा. ‘प्रोटेक्ट होम’ हा सुरक्षेचा पर्याय ‘यस’ असेल तर एक्स्पोर्टरला होम फोल्डर रिकामाच दिसतो. ‘रीड ओन्ली’ केलं की संरक्षणही राहतं आणि मापही येतं.

८. एसईलिनक्स

सगळं बरोबर दिसतं आणि तरी चालत नाही, तेव्हा ‘ऑसर्च’ने एसईलिनक्सच्या (कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते लेबलांवरून ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा व्यवस्थेच्या) नकाराच्या नोंदी शोधा. नेहमीचं कारण साधं असतं: बायनरी होम फोल्डरमध्ये उतरवली आणि ‘एमव्ही’ने जागेवर नेली. ‘एमव्ही’ जुनं लेबल सोबत नेतो, ‘सीपी’ नव्या जागेचं लावतो. होमचं लेबल असलेली बायनरी सिस्टमडीला चालवू दिली जात नाही, आणि तोच दुसऱ्या पायरीतला २०३. लेबल दुरुस्त करणारी ‘रिस्टोरकॉन’ ही आज्ञा एकदा चालवा. एसईलिनक्स बंद करून बघायची गरज नाही. नोंदीत कारण लिहिलेलं असतं.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

- सर्व्हर दाखवतो ते सर्टिफिकेट तुम्ही दिलेलं नाही, देणारा अनोळखी आहे. मधे कंपनीचाच तपासणी प्रॉक्सी असेल किंवा कोणी नको तो असेल. काही न बदलता सुरक्षा विभागाला कळवा. पासवर्ड वापरत असाल तर तो गेला असं समजा.
- खासगी की ईमेलमध्ये, गिटमध्ये किंवा सामायिक फोल्डरमध्ये सापडली. फाइल पुसून भागत नाही. सर्टिफिकेट रद्द करून नवं घ्यावं लागतं, आणि ते सीए सांभाळणाऱ्याचं काम आहे.
- प्रोसेस ‘डी’ स्थितीत (डिस्कच्या उत्तराची वाट बघत) अडकल्या आहेत, ‘किल’लाही दाद देत नाहीत. स्टोरेजवाल्यांना बोलवा. जबरदस्तीने अनमाउंट केलं तर न लिहिला गेलेला डेटा जाऊ शकतो.
- एसईलिनक्सचा नकार तुमच्या एक्स्पोर्टरचा नाही, दुसऱ्याच सेवेचा आहे. त्याला परवानगी देणारा नियम तुम्ही लिहू नका.
- आठही पायऱ्या झाल्या आणि कारण मिळालं नाही. अंदाजाने सेटिंग बदलत बसलात तर पुढच्या माणसाला मूळ अवस्था दिसणारच नाही. काय तपासलं आणि काय आढळलं ते लिहून द्या.

दुरुस्तीनंतर

ग्राफ आला म्हणून तिकीट बंद करू नका. आधी तपासताना सैल केलेलं सगळं परत आवळा. मग परवानगी घेऊन एक्स्पोर्टर रीस्टार्ट करा, प्रोमिथियसही रीस्टार्ट करा, फायरवॉल रीलोड करा आणि तीन-चार स्क्रेप (मापं घेण्याच्या फेऱ्या) होईपर्यंत टार्गेट पान बघत बसा. नूतनीकरणाची स्क्रिप्टही एकदा मुद्दाम चालवा आणि त्यानंतर पुन्हा एक रीस्टार्ट घ्या.

दोन अलर्ट लावा. पहिला, ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरने सर्टिफिकेटची उरलेली मुदत मोजणारा. तो दर वेळी स्वतः नवी जोडणी करून तपासतो, त्यामुळे जुन्या कनेक्शनआड लपलेली मुदत त्याला दिसते. दुसरा, टार्गेट यादीतून पूर्णच गेलं तर वाजणारा. ‘अप’ शून्य झालं की वाजणारा नियम तिथे उपयोगी पडत नाही, कारण टार्गेटच उरलं नाही तर शून्य येणार कुठून. त्यासाठी ‘अ‍ॅबसेंट’ वापरून वेगळा नियम लिहा आणि लिहिल्यावर एक टार्गेट मुद्दाम काढून तो वाजतो का ते बघा.